घर की सार्वजनिक ठिकाण?

बोईसरच्या आमच्या घरात दोन कॉम्प्युटर. हॉलमधला जुना डबा आणि माझा लॅपटॉप. मध्ये अंतर आठ पावलं, पण बोलणं बंद. हिला डब्यातले लग्नाचे फोटो लॅपटॉपवर हवे होते. तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये जन्म काढलेला मी "दहा मिनिटांचं काम" म्हणून बसलो.

आधी पिंग केलं. म्हणजे दारावर टकटक. उत्तर, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. हा वर्गणीवाले आले की दिवा मालवून गप्प बसणाऱ्यातला निघाला.

भाच्याला फोन लावला. तो डहाणू लोकलमध्ये, पालघरला घरी निघालेला. "मामा, फायरवॉल असेल." मला फायरवॉल शिकवतो! एकीकडची आग दुसरीकडे जाऊ नये म्हणून सॉल्व्हंटच्या गोदामाला असते त्या भिंतीचंच हे उसनं नाव. वैतरणेच्या पुलावर फोन कटला. तेवढ्यात मी भिंतच पाडली, म्हणजे फायरवॉल बंद. फोटो दिसले!

सफाळ्याला फोन लागला आणि भाचा डब्यात ओरडला, "अहो, मित्राला आत चहाला न्यायचं म्हणून अणुशक्ती केंद्राच्या गेटवरचे सगळे सीआयएसएफवाले घरी पाठवलेत तुम्ही!" २००३ साली ब्लास्टर नावाच्या किड्याने जगभरची मशिनं पोखरली, म्हणून पुढच्या वर्षी विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक दोनपासून हा पहारेकरी न सांगता ड्यूटीवर असतो, म्हणे. पहारा चालू ठेवायचा, फक्त घरच्यांना पास द्यायचा.

केळवे रोडला मूळ दुखणं सापडलं. डब्याने आमच्या घराची नोंद 'पब्लिक नेटवर्क' अशी केली होती. म्हणजे बोईसर स्टेशन आणि आमचा हॉल एकाच रांगेत! अपमान गिळून 'प्रायव्हेट' केलं, फाइल शेअरिंगला त्यातच परवानगी दिली. ४४५ नंबरची खिडकी उघडली, तीही १९२.१६८ने सुरू होणाऱ्या घरच्या पत्त्यांपुरती. पालघर येईपर्यंत फोटो लॅपटॉपवर.

मागच्या रविवारी राउटर बदलला. 'नेटवर्क २' असं नाव देऊन लॅपटॉपने पुन्हा विचारलं, पब्लिक की प्रायव्हेट? मी मान वर केली. सोफ्यावर पालघरची पाच माणसं, वायफायचा पासवर्ड मागणारी शेजारची दोन पोरं, मासळीचा हिशेब सांगत दारात उभी कोळीण, आणि खुर्चीत मला अजिबात न ओळखता आलेले एक गृहस्थ चहा पीत होते.

मी मुकाट्याने 'पब्लिक' दाबलं.