निद्रार्थ्यांसाठी नियमावली (दोन्ही मानपाड्यांना लागू)

प्रस्तुत नियमावली वय वर्षे १३ ते १८ या गटातील मुलामुलींना, यापुढे 'निद्रार्थी', रात्री विनाविलंब झोप लागावी या हेतूने तयार करण्यात आली आहे. ती मानपाडा येथे लागू राहील. कोणता मानपाडा, हे रिक्षावालेही विचारतात, म्हणून खुलासा: दोन्ही. ठाण्याचा, घोडबंदर रोडवरचा, जिथे आम्ही राहतो. आणि डोंबिवली पूर्वेचा, जिथे माझी धाकटी बहीण राहते. दोन्हीकडून मेट्रोचा मार्ग आखलेला आहे, आमच्याकडून चार नंबरचा आणि तिच्याकडून बारा नंबरचा. दोन्ही मार्गांवर मानपाडा याच नावाचं स्थानक आहे. आणि दोन्ही मानपाड्यांत रात्री अकरा वाजता एकेक सोळा वर्षांचा मुलगा छताकडे बघत पडलेला असतो.

नियम पहिला, वेळेबाबत. निद्रार्थ्यास आठ ते दहा तास झोप मिळावी. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१६ सालची ही शिफारस आहे. आता गणित करावे. शाळेची बस सहा-दहाला गेटवर, म्हणजे उठणं साडेपाचला. नऊ तास मागे मोजले की रात्रीचे साडेआठ येतात. साडेआठला क्लास सुटलेला नसतो, कुकर चढलेला नसतो आणि निद्रार्थ्याचे बाबा माजिवड्याच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये उभे असतात. बरं, आठच तास धरा. साडेनऊ येतात. साडेनऊला आमच्याकडे पानं घेतली जातात. सबब हा नियम केवळ माहितीस्तव.

नियम दुसरा, शांततेबाबत. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. अवजड वाहनांची वर्दळ वाढते तीही रात्रीच, त्यामुळे सरकारी शांतता आणि उरणहून गुजरातकडे जाणारे कंटेनर एकाच मुहूर्तावर निघतात. बहिणीकडे कल्याण-शीळ रस्त्याचे ट्रक आहेत, लग्नसराईत हळदीचा डीजे आहे आणि वारा फिरला की एमआयडीसीचा वास आहे. वास डेसिबलमध्ये मोजत नाहीत, म्हणून त्याला रात्रीची मर्यादाही नाही. तथापि, निद्रार्थ्यास ट्रकचा फारसा त्रास होत नाही हे नमूद करावे. एकसारख्या आवाजाला मेंदू सरावतो. पंख्याची घरघर चालू असली की बाहेरचा आवाज आणखी बुजतो, म्हणून थंडीतही पंखा एकवर असू द्यावा, आजीने कितीही वेळा बंद केला तरी. मेंदू ज्याला सरावत नाही ते म्हणजे स्वतःचं नाव. झोपलेल्या माणसालाही ते नेमकं ऐकू जातं.

म्हणून नियम तिसरा, जो या नियमावलीचा आत्मा समजावा: नाव घेऊन "झोपलास का?" असे विचारू नये.

हा प्रश्न आमच्या घरी रात्री पावणेअकराच्या सुमारास दाराच्या फटीतून विचारला जातो. विचारणारे बाबा दबक्या आवाजात विचारतात, म्हणजे तो फक्त खालच्या मजल्यापर्यंत जातो. या प्रश्नाला 'हो' असं उत्तर देण्याची सोय नाही. 'नाही' म्हटलं की उपप्रश्न सुरू होतात. का नाही? मग काय करतोयस? मोबाईल घेतलायस का? उद्या युनिट टेस्ट आहे, माहीत आहे ना? माहीत होतं त्याला. तो नुकता विसरायच्या बेतात होता. उत्तर दिलंच नाही तर बाबा खात्री करायला आत येतात आणि नीट दिसावं म्हणून दिवा लावतात. दिव्याखाली मिटलेले डोळे बघून त्यांचं समाधान होतं. "झोपला वाटतं," असं ते मला हाक मारून सांगतात. मग तो उठतो.

नियम चौथा. झोपण्याआधी तासभर मोबाईल स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी चार्जिंगला ठेवावा. घरातल्या सर्वांचा. 'सर्वांचा' या शब्दावर आमच्याकडे वाटाघाटी अडल्या आहेत, कारण बाबांचा फोन कामाचा आहे. टँकर किती वाजता येणार यावर सोसायटीच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला जे चालतं, ते काम. किमान एवढे पाळावे: मुलाकडून फोन जप्त करून शेजारच्या खोलीत मोबाईलचे दुष्परिणाम सांगणारी रील्स बघू नयेत. बघितल्यास आवाज बंद ठेवावा.

नियम पाचवा, श्वासाबाबत. चार आकडे मोजत श्वास घ्यावा, सात आकडे रोखावा, आठ आकडे मोजत सोडावा. डॉ. अँड्र्यू वाइल या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत जगभर पोहोचवली. तिचं मूळ प्राणायामात आहे हे कळल्यापासून बाबांचा ऊर भरून येतो. ते पलंगाच्या कडेला बसून स्वतः मोजतात, पीटीच्या सरांच्या लयीत. रोखायच्या सातातल्या पाचावर त्यांना फोन येतो. ते बाल्कनीत जातात. मुलगा इमानदारीने श्वास रोखून पडलेला असतो.

खरं सांगायचं तर रोखायची काही गरज नाही. चारात घ्या, सहा-सातात सोडा; सोडणं घेण्यापेक्षा लांबलं पाहिजे, एवढंच. श्वास सावकाश सुटला की हृदयाचे ठोके मंदावतात. आणि मोजणारा एकच असावा, ज्याचं नाक आहे तो.

भ्रामरीही चालते. एका खोलीत दोन भावंडे असल्यास करू नये.

नियम सहावा, अंग सैल सोडण्याबाबत. शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली यावर आख्खं पुस्तक लिहिलं. पायाची बोटं पाच सेकंद आवळायची, सोडायची; मग पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे, शेवटी कपाळ आणि जबडा. सोडतानाचं सैलपण नीट अनुभवायचं, आवळणं केवळ त्यासाठी. आपल्याकडे हेच काम शवासन करतं. २१ जूनला शाळेत योगदिन असतो, तेव्हा शवासनाची आज्ञा होताच नववी-दहावीचे वर्गच्या वर्ग खरोखर झोपी जातात. सकाळी सव्वासातला. हा शवासनाचा प्रभाव की सातच्या शाळेचा, यावर पुढे बोलूच.

नियम सातवा, काशाच्या वाटीबाबत. हे खाते आजीकडे आहे. निद्रार्थ्याने पाय आजीच्या मांडीवर द्यावेत. आजी तळव्याला चमचाभर तूप लावते आणि वाटी पालथी धरून गोल गोल घासते. तळवा काळा-करडा होतो. आजीच्या मते ती अंगातली उष्णता, माझ्या मते ते धातू आणि तुपाचं आहे. काहीही असलं तरी पाय पुसल्याशिवाय पांढऱ्या चादरीवर ठेवू नयेत. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी १९९९ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की पाय उबदार असले की झोप लवकर लागते: हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडते, आतलं तापमान उतरतं आणि डोळे जड होतात. हे आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला विचारायचं होतं की त्यांनी."

या नियमाला एक पोटनियम आहे, तो कुठल्या 'नेचर'मध्ये नाही. पाय आजीच्या हातात असताना हा मुलगा बोलतो. दिवसभर "हं" आणि "माहीत नाही" यांवर घर चालवणारा प्राणी तेव्हा केमिस्ट्री डोक्यावरून जातेय इथपासून कोण कोणाशी बोलत नाही इथपर्यंत सगळं सांगतो. त्या दहा मिनिटांत इतरांनी खोलीत जाऊ नये. मी दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालते. घड्या बऱ्याच असतात.

दुधात जायफळ घालायचं तर चिमूटभर म्हणजे चिमूटभरच. जास्त जायफळ अंगावर येतं, झोपेच्या नावाखाली भलतंच होऊन बसेल. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. कोल्ड कॉफी हाही चहाच समजावा.

नियम आठवा. डोक्यात उद्याची कामं फिरत असतील तर पाच मिनिटं बसून ती कागदावर लिहावीत. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये हे तपासलं गेलं. झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा उरलेल्या कामांची यादी करणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली. यादी लिहून झाल्यावर तिच्यात बाबांनी भर घालू नये. 'केस कापणे' हे त्याच्या अक्षरातलं नव्हतं.

नियम नववा. पलंग फक्त झोपेसाठी वापरावा, आणि वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसरीकडे, मंद उजेडात, काहीतरी कंटाळवाणं करत बसावं. पेंग आली की परत यावं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७० च्या दशकात घालून दिलेली ही शिस्त आजही निद्रानाशावर वापरतात. टू बीएचकेमध्ये तिची अडचण अशी की निद्रार्थ्याचा पलंग हाच त्याचं अभ्यासाचं टेबल, वाळलेल्या कपड्यांची जागा आणि पाहुण्यांची बैठक असतो. बहिणीचा मुलगा तर हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर झोपतो, म्हणजे टीव्ही बंद होईपर्यंत तो पलंग अस्तित्वातच नसतो. उठून दुसरीकडे जा म्हटलं तर त्याने जावं कुठे? लिफ्टमध्ये?

नियम दहावा, उलट्या उपायाबाबत. झोपायचा प्रयत्न सोडून जागं राहायचा प्रयत्न करावा. व्हिक्टर फ्रँकल यांनी मांडलेल्या या तंत्राचं प्रात्यक्षिक आमच्या हॉलमध्ये रोज होतं. बाबा रात्रीच्या बातम्या बघायचा निर्धार करून सोफ्यावर बसतात. मिनिटाभरात मान एका बाजूला. रिमोट काढून घेतला की डोळे न उघडता, "बघतोय मी." निद्रार्थ्याने या गुरूचं निरीक्षण करावं. उपदेश ऐकू नये.

आता नियमावली जरा बाजूला ठेवते.

डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले की मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदलायचा विचार करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवावेत. कारणांमध्ये मंगल कार्यालयांतल्या कर्णकर्कश संगीताचाही उल्लेख होता. तो वाचून बहिणीला वाटलं, सरकार तिच्या गल्लीत मुक्काम करून गेलं. निर्णय चांगलाच आहे. पण चौथीपर्यंतची मुलं रात्री साडेआठला पेंगतात आणि सकाळी सहाला आपण होऊन उठून आईबापांच्या पोटावर उड्या मारतात. वयात येताना मात्र शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन तास-दोन तास उशिरा स्रवायला लागतं. ब्राऊन विद्यापीठाच्या मेरी कार्सकॅडन यांचं यावर कित्येक वर्षांचं काम आहे. म्हणजे ज्यांना सकाळी अंथरुणात ठेवता येत नाही त्यांना नऊची शाळा, आणि ज्यांना अंथरुणातून काढता येत नाही त्यांना सातची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये हायस्कुलांसाठी तसा कायदा केला, २०२२ पासून तो पाळतातही. आमच्या गेटवर सहा-दहाला बस येते. तिच्यातली एकेक मान खिडकीच्या काचेला टेकलेली असते आणि पातलीपाड्यापर्यंत अख्खी बस झोपलेली असते.

आळशी नाहीये हो तो. हे बाबांना सांगून बघितलं. बाबा म्हणाले, आम्ही पहाटे चारला उठून अभ्यास करायचो. आतून आजीचा आवाज आला, "उठायचास. पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचास."

नियम अकरावा आणि शेवटचा, रविवारबाबत. जाणकार सांगतात की सुट्टीच्या दिवशीही रोजच्यापेक्षा तास-दोन तासच जास्त झोपावं, नाहीतर घड्याळ आणखी पुढे जातं आणि सोमवार अवघड होतो. त्या हिशेबाने रविवारी साडेसातला उठवावं लागेल. ज्यांना उठवायचं असेल त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर जावे. आमच्याकडे तडजोड अशी आहे की नऊला खोलीचे पडदे सरकवायचे, कारण सकाळचा उजेड डोळ्यांवर आला की घड्याळ थोडं मागे येतं. हे काम बाबांना दिलं आहे, न बोलण्याच्या अटीवर. पोहे दहापर्यंत झाकून ठेवावेत. गार झाले तर वरून शेव घालून तो खातो, कुरकुर नसते. कुरकुर बाबांची असते, पण त्यांना नऊला गरम मिळालेले असतात.