माल्टातला पायजमा

माल्टात थंडी घराबाहेर नसतेच; ती घरात राहते, भाडं न देता. जानेवारीत दुपारी रस्त्यावर 15-16 अंश, वर लख्ख ऊन. आत शिरलं की कानटोपी, स्वेटर, त्यावर कोट. आम्ही सोलापूरची माणसं. चाळीसच्या खाली पारा उतरला की हवेची चौकशी करायची नसते, एवढंच आमचं हवामानशास्त्र.

दोष तिथल्या दगडाचा. घरं मऊ, पिवळसर चुनखडीची, उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून बांधलेली. हिवाळ्यातही आपलं काम इमानाने करतात. घर तापवायची कायमची सोय बहुतेक ठिकाणी नाही. आम्ही ज्याच्याकडे उतरलो होतो त्या भाच्याला घर दाखवताना दलालाने म्हणे ऑगस्टात भिंतीला हात लावायला सांगितलं होतं, "बघा, किती गार!" त्या दलालाला जानेवारीत एक रात्र त्याच भिंतीला टेकवून बसवायला हवं.

बेटावर बारमाही नदी नाही, पाऊस वर्षाला साधारण 550 मिलिमीटर, प्यायला समुद्र गोडा करून घेतात. आणि भिंतींना मात्र पाझर! तिथे मी पायजमा धुतला.

दोरीवर तो दिवसेंदिवस जड होत गेला. हवेतलं पाणी ओढणारं यंत्र समोर लावलं. यंत्रात तांब्याभर पाणी जमलं, पायजमा होता तसाच. हिने तो गॅसच्या शेगडीसमोर धरायला लावला. गॅस जळतानाही पाण्याची वाफ होते, हे खिडक्यांच्या काचा ठिबकू लागल्यावर समजलं. शेवटी गच्ची.

गच्चीवर ईशान्येचा 'ग्रिगाल' सुटला होता. याच वाऱ्याने संत पॉलचं जहाज या बेटावर आणून फोडलं असं मानतात. 10 फेब्रुवारीला त्याची सुट्टीही असते. तिथे दोन चिमट्यांचा काय पाड! पायजमा उठला, पाय फाकवून तीन गच्च्या ओलांडल्या आणि कुणाच्या तरी अँटेनावर बसला. मी खालून हातवारे करत धावलो. एका आजीबाईंनी काठीने तो उतरवला, चुरचुरीत वाळलेला, आणि सगळ्या गल्लीसमोर नाडीसकट घडी घालून माझ्या हातात ठेवला.

व्हॅलेटात काराव्हाज्योचं 1608 सालचं शिरच्छेदाचं चित्रही पाहिलं. मोठं आहे.

रात्री ताईचा व्हिडिओ कॉल आला. भाच्याने झटक्यात टोपी काढली, कोट सोफ्यामागे टाकला आणि नुसत्या शर्टात कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. "मस्त हवा आहे गं आई!" दातावर दात आपटू नयेत म्हणून पोरगा हसतच राहिला. तीन हिवाळे तो हेच करतोय. माझ्या घशाशी काहीतरी आलं. तेवढ्यात ताईला मागे मी दिसलो, दोन सोलापुरी चादरींत गुंडाळलेला.

"तुला काय झालं रे?"

"वय झालं," म्हटलं.