वजा एक

आमच्या वेळी बोर्डाच्या पेपरला जाताना सर एकच सांगायचे, "कोरा कागद ठेवून येऊ नका रे. काहीतरी लिहा." त्या 'काहीतरी'वरच मी पास होत गेलो. लढाईची कारणं विचारली आणि आठवत परिणाम असले, तर मी निःशंकपणे परिणाम लिहायचो. पुरवण्या घ्यायच्या, दोऱ्याने बांधायच्या, आणि शेजारच्याने आपल्याआधी पुरवणी मागितली की धसका घ्यायचा. पेपर तपासणाऱ्याच्या पोटात दया असते, यावर आमच्या पिढीचा गाढ विश्वास.

मुलगी 'नीट'च्या तयारीला लागली आणि घरात वजा एक राहायला आला. 180 प्रश्न, 720 गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर वजा एक, सोडलं तर शून्य. इथे दयेला जागाच नाही, कारण तपासणारं यंत्र.

तिची जीवशास्त्राची एनसीईआरटी (पोरं 'एनसीआरटी' म्हणतात, मधला ई त्यांनी वेळ वाचवायला गाळला असावा) तीन रंगांच्या हायलायटरने इतकी रंगली आहे, की न रंगवलेली ओळच आता महत्त्वाची वाटते. रविवारी क्लासची टेस्ट. तिचे गुण तिच्याआधी माझ्या मोबाइलवर येतात, आणि ती घरी येईपर्यंत चेहरा कसा ठेवायचा याची तयारी मला करावी लागते. ही परीक्षा वेगळीच.

हळूहळू वजा एक जेवणाच्या ताटापर्यंत आला. आईने नातीला विचारलं, "आमटीत मीठ बरोबर आहे का गं?" तिने घास तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "स्किप."

"म्हणजे?"

"खात्री नसेल तर उत्तर द्यायचं नाही, आजी."

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. "शिक जरा," म्हणाली.

मलाही काही हातभार लावावासा वाटत होता. एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. चार पर्याय. चार प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरीने एक बरोबर येणार, चार गुण. तीन चुकणार, वजा तीन. म्हणजे खाली एक गुण उरतोच! सगळेच्या सगळे 180 ठोकले तरी सरासरी 45 गुण, तेही पुस्तक न उघडता. मी विजयी मुद्रेने कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने तो शांतपणे वाचला. "हिशेब बरोबर आहे बाबा. पण सरासरी माझ्याच पेपरात येईल कशावरून?"

एवढं बोलून ती पुन्हा फिजिक्सकडे वळली. फिजिक्सचे प्रश्न फक्त 45, पण घरातल्या रडारडीत त्यांचा वाटा निम्म्याहून जास्त. कागद मी घडी घालून खिशात ठेवला.

परीक्षेच्या दिवशी मे महिन्यातलं ऊन. अर्ध्या बाह्यांचा कुर्ता, पायात साध्या चपला, कानात काही नाही. पेनसुद्धा आतच मिळतं. आम्ही नव्या पेनाला हळदकुंकू लावायचो, ती सोयही गेली. दुपारी दीडला गेट बंद झालं आणि बाहेर आम्ही आईबाप एका कडुनिंबाच्या सावलीत दाटीवाटीने उभे राहिलो. एक गृहस्थ आपल्या मुलाला काय काय येतं ते सांगत होते. त्यांनी मला विचारलं, "तुमचीची तयारी कशी आहे?" मी आमटीचा घास आठवला आणि नुसता हसलो.

पाचनंतर ती बाहेर आली. बोटांना शाई, केस विस्कटलेले. कसा गेला, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. "वडापाव खायचा?" एवढंच विचारलं.

याचं उत्तर तिने एका क्षणात दिलं. दोन खाल्ले.