बोबडं नक्की कोण?

मूल बोबडं बोलतं अशी काळजी ज्या घरात चालते, त्या घरातलं सर्वांत बोबडं माणूस बहुधा पस्तिशीचं असतं. पोर ‘कुत्रा’ म्हणायला जातं आणि ‘तुत्रा’ म्हणतं, कारण जिभेचा मागचा भाग उचलण्यापेक्षा शेंडा दाताला टेकवणं सोपं. त्याचा नाइलाज समजू शकतो. पण जीभ, दात, टाळू सगळं शाबूत असलेला बापही ‘तुथे आहे तुत्रा?’ म्हणून विचारतो, तेव्हा त्याला कोणता नाइलाज असतो? पुढे शाळाप्रवेशाची वेळ आली की याच गृहस्थाला शुद्ध उच्चारांचा उमाळा येतो आणि कालपर्यंत ज्यावर टाळ्या पडत होत्या, त्याच ‘तुत्र्या’वर पोराला दटावणी मिळते.

आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच. कंठापासून निघते आणि टाळू, मूर्धा, दात करत ओठांशी येते. मुलं मात्र शेवटच्या स्टेशनापासून चढतात. प, ब, म समोरच्याच्या ओठांवर दिसतात आणि जमतातही लवकर; ‘मामा’ लवकर येतो त्यात मामाने आपली लोकप्रियता शोधू नये. र आणि ळ उशिरा येतात. ळसाठी जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची आणि झटक्यात खाली आणायची. अडीच वर्षांच्या जिभेकडून ही कसरत मागणं म्हणजे रांगत्या बाळाला सूर्यनमस्कार घालायला लावणं. मुख्य म्हणजे, उच्चार चुकला तरी मुलाचा कान बहुधा चुकत नाही. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकन संशोधकांनी १९६० साली एका मुलाची गोष्ट नोंदवली. तो आपल्या खेळण्यातल्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणे. मोठ्यांनी ‘हा तुझा फिस का?’ विचारलं की ठाम नकार. ‘फिश’ म्हटल्यावर कुठे स्वारीची मान्यता मिळाली, तीही ‘हो, माझा फिस’ अशी! म्हणजे आपण कौतुकाने बोबडं बोलतो, तेव्हा मुलाच्या लेखी आपण चक्क चुकत असतो.

लाडात बोलायचंच नाही का, असं कुणी विचारील. जरूर बोला. संथ, चढ्या, गाण्यासारख्या सुरात बोललेलं बाळ कान देऊन ऐकतं. लाड सुरात असावेत, वर्णांत नकोत. मूल ‘तुत्रा आला’ म्हणालं, तर ‘हो की, कुत्रा आला! केवढा कुत्रा!’ म्हणायचं आणि पुढे जायचं. ‘म्हण पुन्हा’ नाही, कच्च्या-पक्क्या पापडांची परीक्षा नाही. खानदेशात किंवा वऱ्हाडात आजी ‘काळा’ला ‘काया’ म्हणत असेल, तर तिचं ऐकून ‘काया’ म्हणणारं नातवंडही बोबडं नव्हे. ते घरची बोली अचूक बोलतंय.

दुसरा आक्षेप आजीचाच: ‘होईल आपोआप, त्याचा बापही असाच होता.’ बऱ्याचदा ती खरी ठरते, आणि बाप अजून तसाच आहे हा मुद्दा तिच्यासमोर काढू नये. पण तिसरं सरत आलं तरी परक्या माणसाला मुलाचं बहुतेक बोलणं कळत नसेल, तर वेखंड उगाळत बसण्याआधी कान तपासून घ्यावेत. जे नीट ऐकूच येत नाही ते नीट बोलणार कसं? मग गरजेप्रमाणे स्पीच थेरपिस्ट. आणि वेखंडासोबतचा मध वर्षाच्या आतल्या बाळाला तर बिलकुल देऊ नये; त्यातून होणारी विषबाधा जिवावर बेतू शकते.

राहता राहिले पाहुणे. सोफ्यावर टेकल्या टेकल्या ते ‘बाळ, काहीतरी म्हणून दाखव’ म्हणतीलच. तेव्हा पोराला आत खेळायला पाठवा आणि पाहुण्यांनाच आधी ‘षण्मुखानंद’ म्हणायला सांगा: ष आणि ण दोन्ही खणखणीत आले पाहिजेत, तोवर चहा नाही.