दिवाणखान्यातील ऑस्करविषयी निवेदन

टॅम्पा, फ्लोरिडा

तीर्थरूप आबा व तीर्थरूप आई यांचे चरणी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

टॅम्पा येथील कुटुंबाच्या दिवाणखान्यात सांप्रत मुक्कामास असलेला मासा ऑस्कर या नावाने ओळखला जातो. त्याचे शास्त्रीय नाव ॲस्ट्रोनोटस ऑसेलेटस असून ॲमेझॉनचे खोरे हा त्याचा मूळ प्रदेश होय. तो ज्या सिक्लिड कुळात मोडतो, त्याच कुळात भिगवणच्या बाजारातील चिलापीही येते. त्यामुळे आबांनी फोनवर सर्वप्रथम त्याच्या चवीची चौकशी केली, हे शास्त्रास धरूनच झाले. तथापि नातवंडांसमोर तो विषय पुन्हा निघू नये, अशी नम्र सूचना आहे.

दुकानात हा मासा बोटभर लांबीचा व अत्यंत गरीब चेहऱ्याचा असतो. पुढे तो महिन्याला सुमारे एक इंच या गतीने वाढून वर्षभरात फूटभर होतो, ही बाब विक्रेत्याने पैसे मोजून घेईपर्यंत गुप्त ठेवली. अशा एका माशास किमान 75 गॅलनची, म्हणजे सुमारे 285 लिटरची काचपेटी लागते, आणि नुसत्या पाण्याचेच वजन 285 किलो भरत असल्याने सोफा गॅरेजमध्ये गेला असून पाहुणे उभ्यानेच चहा घेतात.

सोबतीस सोडलेले निऑन टेट्रा, म्हणजे निळ्या-लाल पट्ट्यांचे इवलेसे मासे, एका रात्रीत नाहीसे झाले. ऑस्कर तोंड एकाएकी उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो व घशातील जबड्यांच्या दुसऱ्या जोडीने त्याचा समाचार घेतो, त्यामुळे घटनास्थळी पुरावा उरत नाही. त्याच्या आक्रमकतेचे मूळ हद्दीच्या जाणिवेत आहे: पेटीतील प्रत्येक खडा कोठे असावा हे तो स्वतः ठरवतो, लावलेली वनस्पती उपटतो, पाणी तापवण्याच्या कांडीस धडका देतो, आणि कोणी मांडणी बदलल्यास तळाशी आडवा पडून रुसतो. अधिक महिन्यात वाण मिळूनही न संतोषणाऱ्या जावयाची सर्व लक्षणे त्याच्या ठायी आढळल्याने आईंनी व्हिडिओवरून त्याचे नाव ‘जावईबापू’ ठेवले, ते येथे सर्वमान्य झाले आहे.

त्याची सेवा मात्र विनोदाचा विषय नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया हे विषारी द्रव्य सोडतो. गाळणयंत्रात वाढलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग त्यामानाने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि साठलेले नायट्रेट दर आठवड्यास पाणी बदलूनच काढावे लागते. ज्या चिरंजीवांनी भिगवणला असताना कधी कळशी उचलली नाही, ते आता दर शनिवारी बादल्या वाहतात. जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची हौसही सोडून द्यावी लागली. त्या माशात ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारे थायमिनेज हे विकर असते, शिवाय त्यासोबत रोगही येतात. जावईबापू आता पथ्याच्या गोळ्यांवर आहेत व त्याबद्दल त्यांची नाराजी स्पष्ट दिसते.

कंटाळून त्यास कालव्यात सोडावे, तर तेही बेकायदा आहे. दक्षिण फ्लोरिडाच्या कालव्यांत ऑस्करांची आधीच वस्ती आहे, आणि आपल्याकडची मरळसुद्धा 2000 साली टॅमॅरॅक येथील तलावांत सापडली. कोणीतरी पाळून, अथवा खाण्याच्या आशेने, सोडलेली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. नीट निगा राखल्यास ऑस्कर दहा वर्षे वा त्याहून अधिक जगतो, आणि येथे निगा फारच नीट चालली आहे.

सबब, डिसेंबरात भिगवणला येणाऱ्या चौघांपैकी एकास मागे राहणे भाग आहे. कोणी राहावे यासाठी चिठ्ठ्या टाकण्याचे ठरत असतानाच सूनबाईंनी स्वखुशीने थांबण्याची तयारी दाखवली. त्यांच्या या त्यागाची आपण उभयतांनी योग्य ती नोंद घ्यावी.

कळावे, लोभ असावा.