न बघता गाडी कशी घ्यावी

गाडी घेण्याआधी ती बघावी, हा जुन्या पिढीचा हट्ट. बघायला गेलं की बॉनेट उघडावं लागतं, बॉनेट उघडलं की आत काहीतरी दिसतं, आणि एकदा दिसलं की मन लागत नाही. नवशिक्याने या फंदात पडू नये. पुण्यात बसून दिल्लीची गाडी घ्यावी.

दिल्लीचीच का? तर ती स्वस्त पडते, आणि स्वस्त असायला तिच्याकडे सज्जन कारण असतं. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी केली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पेट्रोलला मुदत पंधरा वर्षांची. नंतर त्यावर बरंच मागेपुढे झालं, पण विकणाऱ्यांना धीर कुठला! नऊ वर्षं झालेल्या डिझेल गाडीच्या नोंदणीची आपल्याकडे अजून सहा वर्षं बाकी असतात. तेव्हा एजंटला विचारा, प्रत्येक गाडी त्याच्याकडे याच एका कारणाने आलेली असते. पुरात बुडाली म्हणून विकायला काढलेली गाडी आजवर कुठल्याच एजंटला भेटलेली नाही.

जाहिरात वाचताना डॉक्टरची गाडी, सिंगल ओनर, बटन टायर एवढं असलं की पुरे. फोनवर ‘सर, मक्खन चलती है’ ऐकू आलं की टोकन पाठवायला हरकत नाही.

आता कागद. आरसी बुकाचा फोटो मागवा. त्यावर ‘फिटनेस’ असं लिहून पुढे अजून सहा वर्षांनंतरची तारीख असते. ती बघून हायसं वाटू द्या. सरकारी माणसाने गाडी उचलून, खाली वाकून, ब्रेक दाबून ही तारीख दिली असणार, असं समजा. प्रत्यक्षात खाजगी मोटारीच्या बाबतीत ती नोंदणीपासून पंधरा वर्षं मोजून छापलेली असते. टॅक्सी-टेम्पोला फिटनेससाठी ठरावीक काळाने हजर व्हावं लागतं. घरच्या गाडीला ही तपासणी थेट पंधरा वर्षांनी, नोंदणीचं नूतनीकरण करताना. मधल्या काळात तिची तब्येत विचारायला कायद्याने कोणी येत नाही. पण ही माहिती नवशिक्याच्या उपयोगाची नाही.

पीयूसी मात्र ताजी असते, बहुतेक वेळा कालचीच. पेट्रोल पंपाशेजारच्या व्हॅनमधला मुलगा सायलेन्सरमध्ये नळी घालतो, डिझेल असेल तर इंजिन रेस करायला लावतो, आणि यंत्र धुराचा काळेपणा मोजतं. तेवढंच मोजतं. ब्रेक नसलेली, चेसिस वाकलेली गाडीसुद्धा पास होते, धूर तेवढा बेताचा हवा. नंबर प्लेटच्या फोटोसकट छापील प्रमाणपत्र मिळतं, ते व्हॉट्सअ‍ॅपवर फार छान दिसतं.

त्यानंतर खरा दागिना: दोनशे मुद्द्यांचा तपासणी अहवाल. दोनशे हा आकडाच असा आहे की माणूस एकशेनव्वदाव्या मुद्द्यापर्यंत जात नाही. हॉर्नला हिरवी खूण, वायपरला हिरवी खूण, मॅटला हिरवी खूण, आणि तितकीच हिरवी खूण चेसिसला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की तपासणी वरवर बघून केली आहे, कोणताही भाग उघडलेला नाही आणि पुढची जबाबदारी आमची नाही. ते पान डाउनलोड होत नसेल तर अडून बसू नका.

व्हिडिओ कॉल करायचाच असेल तर संध्याकाळी करा, गाडी नुकतीच धुतलेली असताना. ओल्या पत्र्यावर लांबी भरलेली कळत नाही. काही गोष्टी मात्र चुकूनही मागू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवा, असं म्हणू नका. रोज वापरात येतो तो पट्टा धुऊन स्वच्छ केलेला असतो. गुंडाळीत आत राहणाऱ्या शेवटच्या वीतभरावर कधीकधी गाळाची सरळ रेघ उरलेली असते, आणि पाणी कुठवर चढलं होतं हे समजतं. सीटखालचे बोल्ट दाखवा म्हणू नका, ते गंजलेले निघाले तर कॉल उगाच लांबतो. टायरवरचे चार आकडे वाचायला सांगू नका. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा, आणि जाहिरातीतले टायर तर नवे होते. मीटरवर 42,000 किलोमीटर असताना ब्रेक पॅडलचं रबर गुळगुळीत का, हे विचारणं तर सरळ असभ्यपणाचं.

तिथला एखादा फिटर गाठून, पैसे देऊन गाडी जॅकवर चढवून बघता येते. मी हे सुचवणार नाही. तो एजंटचा कोणी नसला तर खरं बोलतो, आणि व्यवहार मोडतो.

मग एनओसीचा फॉर्म 28, ट्रान्सफरचे 29 आणि 30, कर्ज फिटलेलं असेल तर 35. कोऱ्या फॉर्मवर सह्या असल्या की एजंट खूश. इथे आल्यावर बारा महिन्यांच्या आत एमएच पासिंग, आणि महाराष्ट्राचा कर वेगळा. तो धरून बेरीज केली तर शेजारच्या गल्लीतली बघितलेली गाडी जवळजवळ त्याच भावात बसते, म्हणून बेरीज शेवटी करावी. आरटीओत चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि छाप फॉर्मवर चिकटवतात. आकडे जुळले की झालं. त्या आकड्यांभोवतीचा पत्रा नंतर जोडलेला आहे का, हे पेन्सिलीला कसं कळावं?

गाडी ट्रेलरवरून येते. ट्रेलर तुमच्या गल्लीत शिरत नाही, त्यामुळे रात्री साडेदहाला हायवेच्या नाक्यावर जावं लागतं. ड्रायव्हरला सकाळच्या आत कोल्हापूर गाठायचं असतं, मागून ट्रक हॉर्न मारत असतात. गाडी अजून वरच्या मजल्यावर, ताडपत्रीखाली. तो आधी पावती पुढे करतो, मोबाइलच्या उजेडात बोट ठेवून दाखवतो: ‘गाडी तपासून सुस्थितीत ताब्यात घेतली.’ पेन त्याच्याकडेच असतं.