किती वाजता रक्त घेतलं?

मावशीच्या रिपोर्टवर कॉर्टिसॉल ४.८. शेजारी खाली तोंड केलेला ठळक बाण. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘सकाळी ८ वाजता’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा साडेअकराला आला आणि लॅबने तो आकडा आठ वाजताच्या मोजपट्टीला लावून छापला. रक्त किती वाजता घेतलं, याची रिपोर्टवर नोंदच नाही. पंधरा दिवस घरात कोणाला धड झोप लागली नाही.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल घड्याळाप्रमाणे सोडतात. पहाटे ते चढू लागतं, सकाळी सहा ते आठच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, मग दिवसभर उतरत मध्यरात्री तळाला जातं. दुपारी चारला ते सकाळच्या निम्मं निघालं, तर तो आजार नव्हे, ती दुपार आहे. रात्रपाळी करणाऱ्याचं तर घड्याळच उलटं. त्याने आपण कधी झोपतो, कधी उठतो हे डॉक्टरांना आधी सांगायला हवं. तरीही ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांत कॉर्टिसॉल ‘स्ट्रेस टेस्ट’ म्हणून विकलं जातं. उपाशी आहात का, हे सगळे विचारतात. किती वाजले, हे कोणी विचारत नाही. मी याला फसवणूक म्हणतो.

शिवाय एका आकड्याने यात बहुधा भागत नाही. कॉर्टिसॉल जास्त असल्याचा संशय असेल, तर रात्री ११ ला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देतात आणि सकाळी ८ ला रक्त घेतात. तेव्हा आकडा १.८ च्या खाली दबलेला हवा. म्हणजे इथे कमी येणं ही चांगली बातमी. कमी असल्याचा संशय असेल, तर इंजेक्शनने ग्रंथीला हाक मारायची आणि अर्ध्या तासाने, तासाने ती ओ देते का ते रक्तात बघायचं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येणारं, अ‍ॅड्रिनलला हाक मारणारं एसीटीएच तर इतकं नाजूक, की त्याचं सॅम्पल बर्फावर ठेवून तातडीने लॅबमध्ये न्यावं लागतं. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून तासभर फिरलेल्या नळीवर कोणी निदान करू नये.

मावशीचं रक्त पुन्हा घेतलं, या वेळी बरोबर आठला. आकडा तरीही कमीच. मग डॉक्टरांनी विचारलं, ‘‘स्टिरॉइड काही घेता?’’ मावशी म्हणाली, ‘‘छे, गोळीसुद्धा नाही.’’ दोन महिन्यांत दोन्ही गुडघ्यांत मिळून चार इंजेक्शनं घेतली होती. ती स्टिरॉइडची होती हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

खरी गोम इथे आहे. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं, की पिट्यूटरी हाक मारायची थांबते आणि अ‍ॅड्रिनल झोपी जाते. गुडघ्यातलं इंजेक्शन, दम्याचा पंप, सांधेदुखीवरची बिननावाची पुडी, गोरं होण्यासाठी चेहऱ्याला चोळलेलं मलम, सगळं यात मोजायचं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे आणि ती काउंटरवर सर्रास मिळतात. प्रेडनिसोलोनची गोळी तर बऱ्याच यंत्रांना कॉर्टिसॉलच वाटते. केसांसाठी घेतलेलं बायोटिनही काही चाचण्या बिघडवतं. म्हणून डॉक्टरकडे जाताना औषधांची यादी नेऊ नका, पिशवीच न्या. मात्र चाचणीसाठी स्टिरॉइड आपल्या मनाने बंद करू नका. ते अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो.

पिट्यूटरीतूनच येणाऱ्या प्रोलॅक्टिन या हार्मोनची कथा वेगळी नाही. अ‍ॅसिडिटीसाठी आपल्याकडे जी कॅप्सूल दाणे-फुटाण्यांसारखी खाल्ली जाते, तिच्यात पुष्कळदा डॉम्पेरिडोन असतं. ते प्रोलॅक्टिन कित्येक पट वाढवतं. मग पिट्यूटरीत गाठ असेल या भीतीने मेंदूचा एमआरआय होतो, हजारो रुपये जातात, आणि कॅप्सूल चालूच राहते. एमआरआयच्या आधी औषधं विचारणं फुकट आहे.

पण सगळेच आकडे खोटा घोर लावत नाहीत. काही खोटा दिलासा देतात, ते मला जास्त घातक वाटतात. थायरॉइडसाठी नुसतं टीएसएच केलं जातं. ते पिट्यूटरी बनवते; पिट्यूटरीच मोडकळीला आली असेल तर टीएसएच ‘नॉर्मल’ छापून येऊ शकतं आणि खरं थायरॉइड हार्मोन, टी-फोर, तळाला असतं. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय हे कळत नाही. गरोदरपणात वाढलेल्या पिट्यूटरीला बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला की रक्त पुरत नाही आणि तिचा भाग मरतो. हॅरल्ड शीहान या ब्रिटिश पॅथॉलॉजिस्टने हे १९३७ मध्ये मांडलं. आपल्याकडे हा आजार अजून दिसतो, कारण घरी किंवा अपुऱ्या सोयींत झालेल्या बाळंतपणांची पिढी अजून हयात आहे. अशा बाईला तेव्हा दूध येत नाही, पाळी परतत नाही, पुढे थंडी सोसत नाही, उठवत नाही. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. टॉनिकं दिली जातात. कधी नुसती थायरॉइडची गोळी सुरू होते, आणि कॉर्टिसॉल न तपासता दिलेली ती गोळी तिला थेट अतिदक्षता विभागात पोहोचवू शकते.

तुमच्या आईला, सासूला, मोठ्या बहिणीला आज विचारा: बाळंतपणात फार रक्त गेलं होतं का? बाळाला दूध आलं होतं का? उत्तर ‘गेलं’ आणि ‘नाही’ असं असेल, तर ते डॉक्टरांना सांगा, त्याला तीस वर्षं झाली असली तरी.